वली (निकाहातला मुलीचा पालक) राजी नसताना झालेला निकाह बापाला मोडता येतो का?

खाडीपल्याड

नमस्कार. प्रश्न घरातला आहे, म्हणून गाव आणि नावं टाळून लिहिते. आम्ही दापोली-मंडणगडकडचे कोकणी मुसलमान, मसलक (धर्मनियमांचा पंथ) शाफई. माझ्या खालाची (मावशीची) मुलगी २६ वर्षांची, बी. फार्म. झालेली, नवी मुंबईत नोकरीला. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा मुंब्र्याचा, घरचे मूळ आझमगडचे, मसलक हनफी. मुलाकडची माणसं रीतसर मागणी घालायला आली होती. खालू (मुलीचे वडील) कुवेतला असतात, तेव्हा सुट्टीवर आलेले. त्यांनी पाणीसुद्धा न विचारता नकार दिला. कारण एकच, 'आपल्यातला नाही'. मुलाच्या वागण्याबद्दल, कमाईबद्दल, दीनदारीबद्दल एक शब्द नाही.

बरेच महिने समजावणं चाललं. शेवटी मामू पुढे झाले आणि मुंब्र्यात निकाह लावून दिला. काझी, दोन साक्षीदार, मेहर, मुलीची इजाजत आणि सही, सगळं झालं. निकाहनाम्यात 'वली' या रकान्यात मामूंचं नाव आहे.

आता खालूंनी गावच्या जमातीला लेखी अर्ज दिलाय की मी हयात असताना माझ्या मर्जीविना झालेला हा निकाह बातिल आहे, जमातीने तसं जाहीर करावं. जमातीत दोन तट पडलेत. खालाच्या घरी कोणी येऊ-जाऊ नये इथपर्यंत काहींची मजल गेलीय. मुलीला फोन येतात, 'तू हरामात राहतेस' म्हणून. ती पाच वेळची नमाजी आहे, हे शब्द तिला फार लागतात. कोर्टाची भीती तिला कमी आहे. अल्लापुढे आपलं लग्न धरलं जाईल की नाही, या विचाराने तिची झोप उडालीय.

तर दोन्ही बाजूंनी सांगा. धर्माने खालूंना हा हक्क आहे का? आणि कायद्याने?

काळा_कोट

ताई, आधी कायद्याचं सांगतो, कारण ते थोडक्यात आटपतं.

मुलगी सज्ञान आहे, तिने हो म्हटलंय, तर बापाला ते लग्न मोडून मागायची वाट कुठल्याच कायद्याने ठेवलेली नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात दाद मागायचा हक्क बायकोला आहे, बापाला नाही. पालकाला कोर्टात जागा मिळते ती अल्पवयीन मुलीच्या बाबतीत. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली तिच्या वतीने पालक आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मिळून अर्ज करू शकतात. तुमच्या बहिणीला ते लागूच होत नाही.

केरळचं हादिया प्रकरण आठवत असेल. तिच्या वडिलांच्या हेबियस कॉर्पस अर्जावर हायकोर्टाने मे २०१७ मध्ये लग्नच रद्द करून टाकलं होतं. सुप्रीम कोर्टाने ८ मार्च २०१८ ला तो निकाल फिरवला. अशा अर्जात कोर्टाने बघायचं ते इतकंच की माणसाला बेकायदा डांबलंय का. सज्ञान बाईचा जोडीदार कोण असावा यात ना कोर्टाने पडायचं, ना बापाने. तिथे वडील मुसलमान नव्हते, त्यामुळे वलीचा प्रश्न तुमच्यासारखा आला नाही. पण सज्ञान बाईच्या मर्जीबद्दल कोर्ट जे बोललं ते सगळ्यांनाच लागू आहे.

जमातीच्या ठरावाला किंवा काझीच्या जाहीरनाम्याला कोर्टात निकालाची किंमत नाही. १८८० चा काझी कायदा चार-पाच कलमांचा आहे आणि त्यातच लिहिलंय की या कायद्याने काझीला न्यायाधीशाचे अधिकार मिळत नाहीत. फतव्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने जुलै २०१४ मध्ये हेच सांगितलं: तो सल्ला आहे, मानायचा तर माना, कुणावर लादता येणार नाही.

धर्माच्या बाजूचं जाणकारांनी सांगावं.

मुरुडकर

बाय, मी जमातीच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून लिहितो. कडू लागेल कदाचित.

शाफई मसलकात वलीशिवाय निकाह नाही. 'ला निकाह इल्ला बि वली' ही हदीस (पैगंबरांचं वचन) तिर्मिझी, अबू दाऊद, इब्ने माजा या तिन्ही संग्रहांत आहे आणि इमाम शाफईंनी ती अक्षरशः धरली आहे. दुसरी गोष्ट, मामू वली होत नाही. वलीपण बापाच्या रक्ताच्या बाजूने जातं: बाप, मग आजोबा म्हणजे बापाचा बाप, मग सख्खा भाऊ, सावत्र (बापाकडचा) भाऊ, पुतणे, मग चाचा. आईकडचा कोणी त्या ओळीत येत नाही. म्हणजे मामूंनी प्रेमाने केलं असेल, पण शाफई काझीच्या दफ्तरात तो रकाना रिकामाच धरला जाणार.

ही अट काय म्हणून आहे तेही सांगतो, कारण इथे लगेच 'बाप म्हणजे जुलमी' असा सूर लागतो. आमच्याकडे अर्धं गाव आखातात. बाप वर्षानुवर्षं बाहेर, घरात बायका आणि म्हातारी माणसं. अशा घरात कोणीतरी येऊन मोठ्या नोकरीच्या गप्पा मारून निकाह लावून जातो, मागाहून कळतं त्याला आधीची बायको आहे, पोरं आहेत. मी स्वतः अशा मुलींना परत आणायला गेलोय. मेहर कागदावर, नवरा बेपत्ता. मुलाची चौकशी करणं, मेहर नीट ठरवणं, उद्या काही झालं तर 'ही माझी लेक' म्हणून उभं राहणं, हे वलीचं काम आहे. हे ओझं बापाच्या खांद्यावर टाकलंय, तेव्हा त्याला विचारायचंच नाही हे मला पटत नाही.

पण हेही लिहितो की खालूंनी जे कारण दिलं त्याने त्यांची बाजू लंगडी पडते. त्यावर पुढे.

नसीम_पुणे

मुरुडकरचाचा, तुमचं 'त्यावर पुढे' तिथेच खरी मेख आहे. मी हनफी घरातली, माझ्या वडिलांकडून थोडं शिकलेली. हनफींचं सांगते, कारण मुलगा हनफी आहे आणि निकाह लावणारे काझीही बहुतेक हनफीच असतील.

इमाम अबू हनीफांच्या मते सज्ञान, शहाणी बाई आपला निकाह आपण करू शकते. कुंवारी असो वा विधवा. आधार कुराणातलाच: सूरह बकरामध्ये निकाहाची क्रिया बाईच्या नावे सांगितली आहे (२:२३०, २:२३२). आणि मुस्लिम शरीफ या संग्रहातली हदीस, की नवरा नसलेल्या बाईचा आपल्या जिवावर वलीपेक्षा जास्त हक्क.

मग वलीला काय उरतं? एतराज. आक्षेपाचा हक्क. आणि तोही दोनच कारणांवर. एक, नवरा कुफू नाही, म्हणजे बरोबरीचा नाही. दोन, मेहर तिच्या घराण्यातल्या बायकांना मिळतो त्या मानाने कमी ठरलाय. मेहरचा आक्षेप नवऱ्याने रक्कम वाढवून दिली की संपला. बरोबरीच्या आक्षेपात वलीने काझीकडे जायचं, कारण मांडायचं, मुलाकडची बाजू ऐकली जाणार, मग काझी ठरवणार. तोवर निकाह कायम, नवरा-बायको नवरा-बायकोच. यातलं एक वारलं तर दुसरं वारस. आणि मूल झालं की (काहींच्या मते दिवस गेले की) एतराज संपला, कारण मग लेकराचं हित बापाच्या मानापेक्षा मोठं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. अबू हनीफांचे शिष्य हसन बिन झियाद यांच्याकडून आलेल्या मतानुसार बरोबरीच्या नसलेल्याशी वलीविना केलेला निकाह मुळातच होत नाही आणि नंतरच्या बऱ्याच मुफ्तींनी फतवा त्यावरच दिला. म्हणून सगळं येऊन ठेपतं ते बरोबरी कशात मोजायची यावर. हनफी किताबांत सहा गोष्टी येतात: नसब (कुळ), इस्लाम (किती पिढ्यांचा), स्वातंत्र्य (गुलाम नसणं), दीनदारी, माल, पेशा. यात 'कोकणी' कुठे आहे? खालूंनी एकदा तरी सांगितलं का की मुलगा मेहर आणि खर्च देऊ शकत नाही, किंवा दारू पितो?

खाडीपल्याड

नाही नसीमआपा. मुलगा एका औषध कंपनीत आहे, पगार खालाच्या मुलीपेक्षा थोडा जास्तच. खालूंनी एकच सांगितलं की उद्या जमातीत मी कोणत्या तोंडाने बसू. मेहर आमच्या खालाच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि रोख दिलाय.

मुरुडकर

मग बाय, ऐक. बापाला हक्क आहे तसं बापावर बंधनही आहे. बरोबरीचं स्थळ आलं, मुलगी राजी, आणि बाप कारणाशिवाय अडवतो, याला फिक्हमध्ये (इस्लामी धर्मशास्त्रात) 'अझल' म्हणतात, आणि तो गुनाह आहे.

माकिल बिन यसार या सहाबींची (पैगंबरांच्या सोबत्याची) गोष्ट बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. त्यांच्या बहिणीला नवऱ्याने तलाक दिला, इद्दत (तलाकनंतर थांबायचा काळ) संपली, मग तोच नवरा परत मागणी घालायला आला. माकिलनी रागाने शपथ घेतली की पुन्हा तुला माझी बहीण देणार नाही. बहिणीचं मन मात्र त्याच्याकडेच होतं. त्यावर कुराणाची आयत उतरली (२:२३२): त्यांना अडवू नका. आणि माकिलनी तिथल्या तिथे ऐकलं, शपथ मोडली, निकाह लावून दिला. इमाम शाफई म्हणतात, वलीला अधिकार आहे म्हणूनच तर अडवू नको असं सांगावं लागलं. हनफी म्हणतात, निकाह बाईच करते म्हणूनच तिला अडवू नका म्हटलं. आयत एक, मसलक दोन. पण अडवणाऱ्या भावाला झापलं गेलं याबद्दल दोघांत वाद नाही.

आणि शाफई मसलकात बापाने असं अडवलं तर वलीपण चाचाकडे सरकत नाही. ते काझीकडे जातं. काझी बापाला बोलावतो, विचारतो, तो कारण देऊ शकला नाही तर काझी स्वतः वली होऊन निकाह लावतो. चूक झाली ती इथे. मामूंनी थेट मुंब्रा गाठण्याआधी एक अर्ज काझीकडे टाकायला हवा होता.

जुनी_दफ्तरं

चाचांचं शाफई विवेचन वाचून राहवेना. या धाग्याचा प्रश्न मुंबईच्या कोर्टात दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी येऊन गेलाय, आणि शाफई घरातूनच.

साल १८६४. मुंबई हायकोर्ट सुरू होऊन दोन वर्षं झालेली, सर मॅथ्यू सॉस हे पहिले मुख्य न्यायाधीश. खटला मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद, मुंबई हायकोर्टाच्या निवाड्यांच्या पहिल्याच खंडात छापलेला आहे. प्रश्न असा, की आईबाप शाफई, मुलगी वयात आलेली, बापाने किंवा पालकाने तिचं लग्न किंवा साखरपुडा केलेला नाही. तिने हनफी मत स्वीकारलं आणि बापाच्या संमतीविना लग्न केलं, तर ते लग्न टिकतं का? कोर्टाचं उत्तर, टिकतं. चार सुन्नी मसलकांपैकी कुठल्याही एकातली मुसलमान बाई वयात आल्यावर उरलेल्या तिघांपैकी हवा तो मसलक पत्करू शकते, आणि त्यानंतरच्या तिच्या कृत्यांना त्या मसलकाचे नियम लागतात.

जरा थांबून विचार करा.  मुंबईच्या कोकणी मुसलमानांचा मसलक शाफई, भोवतालचे बाकीचे बहुतेक सुन्नी हनफी, एकाच मोहल्ल्यात दोन कायदे नांदत होते. मुलगी एका कायद्यातून दुसऱ्यात जाऊ शकते का, हा प्रश्न मुंबईतच उठणार होता. तो निवाडा आजही मुस्लिम कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत वलीच्या प्रकरणात येतो. खालूंनी वकील केला तर तोही त्यांना हेच पान दाखवील.

सच_कडवा

म्हणजे नमाज शाफई पद्धतीने पढायची, रोजे शाफई, आणि निकाहापुरतं हनफी व्हायचं? याला उलेमा (धर्मपंडित) तल्फीक म्हणतात, म्हणजे मसलकांची सरमिसळ. ज्याला जे सोयीचं ते उचललं तर शरियत राहिली कुठे? इंग्रज न्यायाधीशाला काय कळतंय त्यातलं. मला त्या मुलीबद्दल राग नाही, पण रस्ता मोकळा केला की उद्या प्रत्येक जण मोकळा.

नसीम_पुणे

सच_कडवा, तुमची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. वासनेसाठी मसलक बदलणं वाईटच. पण गरजेपोटी दुसऱ्या मसलकाचा आधार घेणं आपल्याच उलेमांनी केलंय. नवरा बेपत्ता झालेल्या, नांदवत नसलेल्या बायकांना हनफी फिक्हमध्ये सुटकाच नव्हती. पंजाबात काही जणी सुटण्यासाठी धर्म सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी या आणखी एका सुन्नी मसलकाच्या मताच्या आधारे वाट काढली. १९३९ चा कायदा त्याच विचारावर उभा आहे, कायद्याच्या हेतुकथनात मालिकी मताचा उल्लेख आहे. इंग्रजाने नाही, देवबंदच्या आलिमाने दार उघडलं.

आणि या मुलीने पळवाट काढलेली नाही. मागणी आली, नकार आला, महिनोन्महिने विनवलं, मग घरातल्याच वडीलधाऱ्याला उभं करून, साक्षीदारांसमोर, हनफी काझीकडून निकाह केला. नवरा हनफी. तिने पुढे हनफी म्हणूनच राहायचं ठरवलं तर त्यात खोट काय?

लोअर_परळ

मी हिंदू, धागा पहिल्यापासून वाचतोय. आमच्याकडे 'वली' हा प्रकार कायद्यात नाही, पण घरात असतोच. विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि आक्षेप कोणीही घेऊ शकतो, म्हणून आईबाप धावत जातात. तिथेही आक्षेप ऐकला जातो तो फक्त कायद्यातल्या अटींवर: वय, आधीचं लग्न, मानसिक स्थिती, नात्यातली मनाई. 'आम्हाला पसंत नाही' हा आक्षेपच नव्हे.

एक सुचवावंसं वाटतं. झालेल्या लग्नाची त्याच कायद्याखाली (कलम १५) नोंद होऊ शकते. मग धर्माचा वादच उरणार नाही.

काळा_कोट

लोअर_परळ, सूचना चांगली आहे, पण करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. विशेष विवाह कायद्याखाली गेलं की मुसलमान जोडप्याचा वारसा शरियतीने न जाता भारतीय वारसा कायद्याने जातो. कुणाला ते हवंही असेल. पण माहीत असून करावं. आणि ताई म्हणतायत की मुलीचा घोर कोर्टाचा नाहीच. तो या नोंदणीने सुटणार नाही.

विद्यार्थी_एलएलएम

शेजारच्या देशात हाच प्रश्न इतका पेटला होता की सगळा देश ढवळून निघाला. लाहोरचं सायमा वहीद प्रकरण.

१९९६ सालची गोष्ट. मुलगी सज्ञान, शिकलेली, वडील लाहोरमधल्या अहले हदीस (थेट हदीस धरणारा पंथ) घराण्यातले वजनदार गृहस्थ. तिने कॉलेजात शिकवणाऱ्या एका तरुणाशी घरच्यांच्या संमतीविना निकाह केला आणि मानवी हक्कांच्या वकील अस्मा जहांगीर यांच्या 'दस्तक' या निवाऱ्यात आसरा घेतला. वडील हायकोर्टात गेले. म्हणणं खालूंचंच: वलीच्या संमतीविना निकाह होत नाही. तिथले बहुसंख्य हनफी, पण अहले हदीस वली अनिवार्य मानतात. त्यामुळे कोर्टात एका बापाची तक्रार उरली नाही, दोन विचारांचा सामना झाला. बाहेर निदर्शनं, अस्मा जहांगीर यांना धमक्या, वर्तमानपत्रांत रोज रकाने.

लाहोर हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी १० मार्च १९९७ ला निकाल दिला, दोन विरुद्ध एक. न्या. मलिक मुहम्मद कय्यूम आणि न्या. खलील-उर-रहमान रमदे यांनी निकाह वैध ठरवला, न्या. इहसान-उल-हक चौधरी यांनी वलीशिवाय निकाह नाही असं मत लिहिलं. पण गंमत नाही, गंभीर गोष्ट पुढे आहे. न्या. रमदे यांनी निकाह वैध म्हटला खरा, तरी चोरून जमणाऱ्या लग्नांवर नापसंती दाखवून आईबापांचा अधिकार राखणारा कायदा करावा असंही सुचवलं. म्हणजे मुलगी जिंकली ती जेमतेम. सुप्रीम कोर्टाने २००३ च्या अखेरीस वडिलांचं अपील फेटाळलं, तेव्हा कुठे विषय मिटला.

त्या निकालात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिला न्याय मिळाला तो शरियतीच्या बाहेर जाऊन नाही. हनफी फिक्ह, कुराण, हदीस यांवरच वाद झाला आणि त्यावरच ती जिंकली.

दम्माम_ते_दाभोळ

सौदीत नोकरीला असल्याने एक प्रकरण जवळून ऐकलं, ते सांगतो. वर नसीमताईंनी लिहिलं की बरोबरीच्या आक्षेपात सगळं 'मोजायचं कशात' यावर ठरतं. ते मोजमाप चुकलं तर काय होतं बघा.

उत्तरेकडच्या जौफमध्ये एका बाईचं लग्न तिच्या बापाने स्वतः लावून दिलं होतं. दोन मुलं झाली. मग बाप वारला, आणि सावत्र भावांनी कोर्टात अर्ज केला की नवऱ्याचा कबिला आमच्यापेक्षा हलका आहे, त्याने ते लपवलं. २००५ मध्ये जौफच्या कोर्टाने लग्न मोडलं. बाई म्हणाली, मी भावांकडे जाणार नाही. मग तिला आधी तुरुंगात आणि नंतर आमच्या दम्माममधल्या सरकारी निवाऱ्यात दिवस काढावे लागले, धाकटं मूल कडेवर. नवरा बाहेर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत. जानेवारी २०१० मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला तेव्हा दोघं एकत्र आले.

बापाची संमती होती, मुलं होती, बाई राजी होती. तरी घराण्याच्या मानापुढे काही टिकलं नाही. मूल झाल्यावर आक्षेप संपतो हा नियम किती शहाणपणाचा आहे ते मला तेव्हा कळलं. आमच्या जमातीतले लोक 'आपल्यातला नाही' म्हणतात तेव्हा मला त्या बाईचं लेकरू आठवतं.

नसीम_पुणे

यातून धडा घेऊन काही देशांनी कायदा लिहूनच ठेवलाय. उस्मानी साम्राज्याच्या १९१७ च्या कौटुंबिक कायद्यात, आणि पुढे सीरियाच्या १९५३ च्या कायद्यात, सज्ञान मुलीने वलीविना बरोबरीच्या माणसाशी लग्न केलं तर ते पक्कं. बरोबरीचा नसेल तरच वलीने कोर्टात जायचं, आणि सीरियात तर तिला दिवस गेले की तोही हक्क संपतो. मोरोक्को मालिकी देश, तिथे वली सक्तीचा होता. २००४ मध्ये त्यांनी लिहिलं की वलीपण हा त्या सज्ञान बाईचाच हक्क आहे, तिने स्वतः वापरावा नाहीतर बापाला द्यावा. इराणमध्ये कुंवारीला बापाची परवानगी अजून लागते, पण विनाकारण अडवली तर ती कोर्टात जाऊन परवानगी आणू शकते.

कुठेही बापाचं नुसतं 'नाही' म्हणजे निकाल नाही. त्याने कोणापुढे तरी कारण सांगायचं असतं.

सच_कडवा

दम्मामवाल्या भाईंचं वाचून गप्प झालो. माझा मुद्दा मसलकाबद्दल होता तो तसाच आहे. पण फोन करून मुलीला हराम-हराम म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. इब्ने माजात आहे ना, एक मुलगी हुजूरांकडे (पैगंबरांकडे) आली, बापाने पुतण्याशी तिचं लग्न त्याची पत वाढवायला लावलं होतं. तिला निवड दिली गेली. ती म्हणाली, मी बापाने केलेलं मान्य करते, पण बायकांना कळावं म्हणून आले की बापांच्या हातात हे नाही. हे जमातीत कोणी वाचून दाखवत नाही.

खाडीपल्याड

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी बहिणीला वाचून दाखवला. १८६४ चं ऐकून ती म्हणाली, 'म्हणजे माझ्या आधी कोणीतरी होती.' नसीमआपा, निकाह लावणारे काझी हनफीच होते, विचारून घेतलं.

तिचं म्हणणं असं, की मला हनफी म्हणून राहायला हरकत नाही, पण आयुष्यभर मनात किंतु नको. मुरुडकरचाचा, आता काय करता येईल?

मुरुडकर

बाय, हनफी काझीने हनफी पद्धतीने लावलेला निकाह हरामात काढायचा अधिकार आमच्या जमातीला नाही, हे मी शाफई असून लिहितो. दुसऱ्या मसलकाच्या काझीने लावलेलं आपण मोडत नाही, हीच जुनी रीत. तिला सांग, ती हलालात आहे.

तरी मनाचा किंतु जायला एक उपाय आहे. शाफई काझीकडे अर्ज करा की बाप विनाकारण अडवतोय. काझी खालूंना नोटीस देतील. ते आले आणि राजी झाले तर सोन्याहून पिवळं, त्यांच्याच तोंडून दोन साक्षीदारांसमोर निकाह पुन्हा पढवून घ्या. थोडा मेहर ठरवा, दहा मिनिटांचं काम. आले नाहीत किंवा कारण देऊ शकले नाहीत तर काझी वली होतील. कागदावर हा दुसरा निकाह खबरदारीचा म्हणून लिहून घ्यायचा, पहिला खोटा होता असं कुठे लिहू द्यायचं नाही. उद्या मूल झालं तर पहिल्या तारखेवरून कोणी बोट दाखवायला नको.

आणि खालूंना एकटं भेटायला कोणीतरी जा. मशिदीत नको, जमातीच्या ऑफिसात नको, चार माणसांसमोर तर नकोच. बापाला मागे यायचं असतं, त्याला वाट नसते. तुमची हरकत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येतो. कुवेतला परत जायच्या आधी झालं पाहिजे.

काळा_कोट

चाचांचा दुसरा परिच्छेद तारखेबद्दलचा, तो दोनदा वाचा. पहिल्या निकाहनाम्याच्या साक्षांकित प्रती करून ठेवा आणि विवाह नोंदणी त्याच तारखेने करून घ्या.

बहिष्काराचं मात्र हलक्यात घेऊ नका. वाळीत टाकणं आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा २०१७ पासून लागू झालाय, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो गावकीला लागतो तसाच जमातीलाही. लगेच फिर्याद द्या असं म्हणत नाही, त्याने चाचांचं काम अवघड होईल. पण जमातीच्या सेक्रेटरींना एक साधं पत्र द्या की खालाच्या घराशी संबंध तोडण्याची भाषा चालली आहे, ती थांबवावी, आणि पत्राची पोच सही-शिक्क्यानिशी घ्या. फोन येतात ते नंबर आणि वेळा एका वहीत लिहून ठेवा. रेकॉर्डिंग असेल तर पुसू नका.

खाडीपल्याड

चाचा, व्यनि केलाय. खालू पुढच्या जुम्याला गावात आहेत, खाला म्हणतेय की तुम्ही आलात तर ती स्वयंपाक करील, जेवायला थांबा.